पोहते लेक, दमते आई: परगावच्या जलतरण स्पर्धेचा वृत्तांत

जलतरण स्पर्धेत मूल प्रत्यक्ष पाण्यात असतं किती वेळ? पन्नास मीटर फ्रीस्टाइल अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपते, दोनशे मीटर आयएमला (एकाच शर्यतीत चारही प्रकारांनी पोहणं) तीन-साडेतीन मिनिटं. वॉर्म-अप वगळला तर दिवसभराचं पोहणं दहा मिनिटांच्या आत उरकतं. बाकी सगळा दिवस वाट बघण्याचा, आणि ती बघताना थकतात आईबाप. जोडसुट्टीत लेकीच्या वयोगटाची स्पर्धा परगावी होती, तिच्याबरोबर जाऊन आले. मुलांनी काय आणायचं याची यादी कोच देतातच. सोबत जाणाऱ्याच्या पिशवीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हा वृत्तांत बराचसा त्या पिशवीचा.

आदल्या संध्याकाळी पोचलो, खोलीवर सामान टाकलं आणि आधी तलाव बघून आलो. हे जरूर करा. गाडी कुठे लावायची, खेळाडूंचं दार कोणतं, गॅलरीचं कोणतं, स्वच्छतागृह किती लांब, हे पहाटेच्या अंधारात शोधायला लागलं की दिवस धावपळीनेच सुरू होतो. लेकीनेही स्टार्टिंग ब्लॉकची (सूर मारायच्या ओट्याची) उंची आणि छत नजरेखालून घातलं. भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून पाण्यावर टांगलेले बॅकस्ट्रोकचे झेंडे सगळीकडे भिंतीपासून 5 मीटरवरच असतात, पण छताच्या रेषा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. पाठीवर पोहणाऱ्याला सरळ जाण्यासाठी त्यांचाच आधार असतो.

राहायची जागा निवडताना तलावापासूनचं अंतर बघा, बाकीच्या सोयी नंतर. वॉर्म-अप सकाळी साडेसहाला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, त्यापुढच्या किशोरांना 8 ते 10, आणि मोठ्यांना किमान 7. पाचच्या आत उठायचं तर हे गणित बसत नाही. त्यातून परक्या खोलीत पहिल्या रात्री झोप कच्चीच लागते. त्यामुळे भरवसा घरच्या झोपेवर ठेवायचा, आणि निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत पिशव्या भरत बसायचं नाही. ते काम त्याच्याही आदल्या दिवशी उरकून टाका.

पहिल्या दिवशी सगळं बंदिस्त तलावात होतं. स्पर्धेसाठी पाणी 25 ते 28 अंश सेल्सियस ठेवतात, आणि बंदिस्त सभागृहातली हवा सहसा त्याहून थोडी अधिक गरम. ओल्या मुलांना ते ठीक असतं. पहाटेच्या गारव्यासाठी जाडजूड कपडे घालून आलेले पालक मात्र तासाभरात घामाने निथळतात. आत पातळ, सैल, लवकर वाळणारा कपडा आणि वर चेनचं जाकीट, एवढं पुरतं. पायात रबरी तळव्याच्या, घट्ट बसणाऱ्या सँडल. तलावाच्या कडेला बूट-मोजे घालून एकदा गेलात की दिवसभर ओल्या मोज्यांत राहाल.

तलावावर येतो त्या उग्र वासाला आपण क्लोरिनचा वास म्हणतो. तो खरं तर क्लोरामाइनचा: क्लोरिनची घामाशी आणि लघवीशी क्रिया होऊन ते तयार होतं. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, कोरडा खोकला, सगळं त्याचंच. गर्दीच्या स्पर्धेत दुपारपर्यंत ते वाढत जातं. त्यामुळे अधूनमधून बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या, आणि दमा असेल तर स्वतःचा इन्हेलर खिशातच ठेवा, गाडीत नको. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा वापरलेला बरा. आणि आपल्या मुलाला पाण्यात उतरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन शॉवर घ्यायला लावा, म्हणजे सगळ्यांवरच उपकार होतील.

गॅलरी म्हणजे पाठ नसलेल्या सिमेंटच्या पायऱ्या. इथे माझा सल्ला हट्टाचा आहे: एकच वस्तू विकत घ्यायची ऐपत असेल तर मुलाच्या पोहण्याच्या महागड्या सूटऐवजी पाठ असलेलं घडीचं आसन घ्या. ते नसेल तर निदान जाड फोमची गादी. प्रत्येक इव्हेंटनंतर उठून दहा-वीस वेळा टाचा वर-खाली करा. तासन्‌तास पाय लोंबकळत बसलं की पोटऱ्यांतलं रक्त वर जायला अडचण होते, पाय सुजतात. मी हे करत असताना शेजारच्या बाबांनी चमत्कारिक नजरेने पाहिलं. दुपारी तेही उठून करत होते.

गोंगाटाचं काय सांगावं! शिट्ट्या, बझर, भोंगे, आणि टाइल्सवरून घुमून दुप्पट होणारा 'गो गो गो'. 85 डेसिबलच्या वर दिवसभर राहिलं तर कानांना धोका असतो, आणि जवळून वाजलेली शिट्टी 100च्या पुढे सहज जाते. फोमचे इअरप्लग खिशात मावतात. घालून बसलात तरी तुमच्या मुलाचं नाव पुकारलेलं ऐकू येतं. आपला घसाही सांभाळा. शर्यतीत डोकं पाण्याखाली असताना तुमची आरोळी मुलाला कळतसुद्धा नाही.

पालक पाणी कमी पितात, कारण उठलं तर जागा जाईल किंवा आपल्या मुलाची हीट, म्हणजे शर्यतीतली त्याच्या तुकडीची फेरी, चुकेल अशी धास्ती. मग चारच्या सुमारास डोकं ठणकायला लागतं. यावर उपाय हीट शीटमध्ये, म्हणजे कोण कोणत्या फेरीत पोहणार त्या यादीत, आहे. ती हातात आली की आकडेमोड करा: शंभर मीटरच्या चौदा हीट, सुरुवातीच्या तयारीसह प्रत्येकी अडीच मिनिटं धरली तर पस्तीस मिनिटं. म्हणजे पाणी, स्वच्छतागृह, खाणं, एक फेरी, सगळं बसतं. शेजारच्या एखाद्या पालकाशी जोडी जमवा. तुम्ही त्यांची जागा आणि सामान बघा, ते तुमचं बघतील. आमच्या गटात व्हिडिओही एकच जण काढत होता. बाकीच्यांनी शर्यत डोळ्यांनी पाहिली.

खाणं दोघांचंही सवयीचंच असू द्या, स्पर्धेच्या दिवशी नवा प्रयोग नको. मुलाचं पोटभर जेवण शर्यतीच्या तीन-चार तास आधी, मधल्या वेळेत केळं किंवा पाव असं हलकं, पचायला सोपं, थोडंथोडं. आणि पालकांनी मुलाच्या डब्यातलं उरलंसुरलं खाण्याऐवजी स्वतःचा डबा न्यावा. तो मी नेला होता, सगळ्यांत जास्त उपयोगी तोच पडला.

आता मुलीच्या पिशवीकडे. गॉगल दोन, एकाच मॉडेलचे, आणि दोन्ही सरावात वापरून डोळ्यांवर नीट बसलेले. खोक्यातून काढलेला नवाकोरा गॉगल राखीव म्हणून कामाचा नाही. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं होतं. त्याने हातांचे फटके मोजत शर्यत पुरी केली, वर विश्वविक्रमही केला. आपल्या बारा वर्षांच्या मुलांकडून एवढी अपेक्षा नको, राखीव गॉगल ठेवा. आतून बोट फिरवू नका, धुकं न धरणारा थर निघून जातो. कॅपही दोन. लेटेक्सची पातळ असते आणि ऐन वेळी फाटते, सिलिकॉनची टिकते.

शर्यतीच्या खास सूटबद्दल पालकांत फार चर्चा चालते. 2009मध्ये पॉलियुरेथेनच्या अंगभर सूटांनी विक्रमांचा पाऊस पाडला, आणि 2010पासून त्यांवर बंदी आली. आता कापडीच सूट चालतात, मुलांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंत, मुलींचे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. वाढत्या वयाच्या मुलाला ते वर्षभरात आखूड होतात, चढवायला पंधरा-वीस मिनिटं झटापट करावी लागते, आणि नख लागलं की फाटतात. मला तरी या वयात ते अनावश्यक वाटतात.

त्यापेक्षा टॉवेल जास्त न्या. दोन मोठे, शिवाय एक शॅमी, म्हणजे पिळून पुन्हा वापरता येणारा, पाणी शोषणारा छोटा टॉवेल. दोन शर्यतींमध्ये मूल ओल्या अंगाने बसलं की स्नायू थंड पडतात, म्हणून कोरडं जाकीट, मोजे, चप्पल हवीतच. हातावर इव्हेंट, हीट आणि लेनचे क्रमांक मार्करने लिहून द्या. ते लिहिलं की 'आई, माझी हीट कधी?' हा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

दुसऱ्या दिवशी लेक शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बाद झाली. टर्नला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात, तिचा एक आधी लागला. आधी कोच तिच्याशी बोलले, नंतर मी. मी फक्त टॉवेल आणि जाकीट दिलं, नियमाचा विषय काढला नाही. तिला तो माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तासाभराने ती स्वतःच बोलली, तेही मैत्रिणीशी.

त्या दिवशी उघड्या तलावावरही वॉर्म-अप होता. एसपीएफ 30चं सनस्क्रीन यूव्हीबी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं, पण दर दोन तासांनी पुन्हा लावलं तरच. मुलाला लावून पालक स्वतःला विसरतात. मान आणि पायांचे पंजे सगळ्यांत आधी भाजतात.

परतीचा प्रवास हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा भाग. पहाटे साडेचारला उठून रात्री साडेनऊनंतरही गाडी चालवत असाल, तर सलग सतरा तास जागे असता. इतक्या जागरणाने प्रतिसाद मंदावतो, रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतका. शक्य असेल तर एक रात्र आणखी राहा, नाहीतर चालवणारे दोघे असू द्या. आम्ही राहिलो. अगदीच निघावं लागलं आणि वाटेत पेंग आली तर सुरक्षित जागी थांबा, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोप काढा. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

घरी आल्यावर एवढं मात्र त्याच दिवशी करा: ओली पिशवी उघडा. सूट साध्या थंड पाण्यात खळबळून, न पिळता सावलीत वाळत घाला, गॉगल हवेवर ठेवा. मुलाच्या कानात पाणी राहिलं असेल तर डोकं कलतं करून बाहेरचा भाग टॉवेलने टिपा, आत काडी घालू नका. कान ओढल्यावर दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा पाण्यात पाठवू नका. बाकीचे कपडे उद्या धुतले तरी चालतील.