हात राखून बांधायचं ३८३: जुन्या शेवरोले पिकअपचं स्ट्रोकर इंजिन, ठाण्यात

शेवरोलेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंच; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३.४८ इंच. बोअर ३० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक बसवला की ३८३ घनइंच, म्हणजे साधारण ६,२७० सीसी होतात. असं स्ट्रोक वाढवलेलं इंजिन म्हणजे स्ट्रोकर. मूळचे ५,७३३. पिकअपला उपयोग होतो तो खालच्या आरपीएमवरच्या वाढलेल्या टॉर्कचा. घोडबंदरच्या चढावर गिअर उतरवायची वेळ कमी येते.

स्वस्त म्हणायचं ते एकाच अर्थाने. इंजिन उतरवायचंच असेल, बोअरिंग आणि पिस्टन होणारच असतील आणि क्रँकही ग्राइंडिंगला आला असेल, तर स्ट्रोकरचा जादा खर्च म्हणजे नव्या क्रँकच्या किमतीतला फरक. चांगलं चालणारं इंजिन उघडून स्ट्रोकर करणं परवडत नाही. आणि वाचवलेले पैसे जातात ते बहुतेक वेळा एकमेकांशी न जुळणारे पार्ट मागवण्यात.

पण सुट्या भागांच्या आधी आरसी बुक काढा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. स्ट्रोकर हा बदलच. गाडी ठाण्याच्या एमएच-०४ ची असो की वाशीच्या एमएच-४३ ची, गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहे आणि आरसीवर सीसी लिहिलेले असतात. ब्लॉक तोच, इंजिन नंबर तोच, मग कोण बघतंय, हा हिशेब अपघाताच्या क्लेमच्या दिवशी अंगलट येतो. आरटीओत आधी लेखी विचारा. व्हीए नंबर हवा असेल तर इथेच थांबा आणि ३५० च नीट बांधा.

ब्लॉक ओळखायला मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगला लागणाऱ्या कडेवर, डावीकडे कास्टिंग नंबर असतो. ३९७००१० सर्रास सापडतो. मेन जर्नल, म्हणजे क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ते गोल भाग, २.४५ इंचाचे आहेत ना, ते मायक्रोमीटरने बघा. १९६८ पूर्वीच्या लहान जर्नलच्या ब्लॉकला हा क्रँक बसत नाही. १९८५ पर्यंत मागचं मेन सील दोन तुकड्यांचं, १९८६ पासून एकसंध. क्रँक त्याप्रमाणेच मागवायचा. शेवरोलेच्याच ४०० घनइंची इंजिनचा जुना क्रँक कोणी देऊ केला तर मोहात पडू नका: त्याचे मेन जर्नल २.६५ इंचाचे. ते २.४५ पर्यंत उतरवण्याच्या मजुरीत नवा कास्ट क्रँक येऊ शकतो. शिवाय ४०० चं बॅलन्सिंग क्रँकच्या बाहेरचं, म्हणून डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाची जड चकती) आणि फ्लायव्हीलही त्याचेच लागतात.

रॉड ५.७ इंचाचे घ्या. ६ इंची रॉड कागदावर छान दिसतात, पण त्यांच्या पिस्टनची कॉम्प्रेशन हाइट, म्हणजे पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, १.१२५ इंच उरते, काही पिस्टनांत गजन पिन ऑइल रिंगच्या खाचेत शिरते आणि पैसे जास्त. ५.७ च्या रॉडला १.४२५ चा पिस्टन. आता बेरीज करा: स्ट्रोकचा निम्मा १.८७५, रॉड ५.७, पिस्टन १.४२५, एकूण ९.०००. ब्लॉकची डेक हाइट, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हेड बसतं त्या पृष्ठापर्यंतची उंची, ९.०२५. म्हणजे पिस्टन वर आल्यावर डेकच्या २५ थाउ खाली थांबणार. ही बेरीज ऑर्डर देण्याआधी कागदावर जुळली पाहिजे.

त्याच कागदावर कॉम्प्रेशन रेशो. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन एका धावेत व्यापतो ती जागा) ७८४ सीसी. ज्वलनाचं चेंबर ७६ सीसीचं असलेल्या जुन्या हेडखाली माथ्यावर १२ सीसीची डिश (खोलगट भाग) असलेला पिस्टन आणि १५ थाउची पत्र्याची शिम गॅस्केट धरली, तर चेंबर ७६, डिश १२, गॅस्केट सव्वातीन, डेक सव्वापाच, मिळून साडेशहाण्णव. कॉम्प्रेशन येतं ९.१ ला १. तेच पिस्टन शेवरोलेच्या नंतरच्या, ६४ सीसीच्या व्होर्टेक हेडखाली नेहमीच्या ३९ थाउच्या गॅस्केटने लावले तर ९.७. अमेरिकेतली मंडळी यावर बिनधास्त चालवतात. पण त्यांच्या पंपावरचा ऑक्टेनचा आकडा आरओएन आणि एमओएन, ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी असतो; आपल्याकडे नुसता आरओएन. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा साध्या पेट्रोलचा किमान आरओएन ९१ च होता. मे महिन्यात माजिवड्याच्या सिग्नलला तापलेल्या, लोखंडी हेडच्या इंजिनला ९.१ पुरे. पुढे जायचं असेल तर टाकीत ९५ ऑक्टेन कायम भरायची तयारी ठेवा.

शिम गॅस्केटचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. पिस्टनचा सपाट भाग आणि हेड यांच्यातलं अंतर २५ अधिक १५, म्हणजे ४० थाउ होतं. ३९ च्या गॅस्केटने तेच ६४ होतं, मिश्रण नीट घुसळत नाही आणि कॉम्प्रेशन तेवढंच ठेवलं तरी इंजिन ठोकतं. मात्र शिमला ब्लॉक आणि हेडचं फेसिंग एकदम सपाट लागतं.

किट मागवताना एकच अट घाला: क्रँक, रॉड, पिस्टन, डॅम्पर, फ्लायव्हील एकत्र बॅलन्स करूनच पाठवा. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथे बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग उत्तम होतं. पण बॅलन्सिंगवाल्याचं रोजचं काम चार सिलिंडरच्या क्रँकचं, त्याला बॉबवेट (रॉड-पिस्टनच्या जागी क्रँकवर लावायची वजनं) लागत नाहीत. व्ही-८ ला लागतात, आणि त्यांचं वजन काढावं लागतं: दोन बिग एंड, दोन बेअरिंग जोड, एक स्मॉल एंड, एक पिस्टन, पिन आणि रिंगांसकट. बॉबवेटविना मशीनवर चढवलेल्या व्ही-८ क्रँकचा आकडा निरर्थक. क्रँक एकटाच वीस किलोच्या वर जातो, त्यामुळे कुरिअरपेक्षा न्हावा शेव्याला समुद्रमार्गे थोडा थांबून आलेला माल परवडतो. भाडं, कस्टम आणि जीएसटी धरून छापील किमतीच्या किमान दीडपट हाताशी ठेवा.

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग नाही. मशीनवाल्याला ‘१०२.३६ एमएम’ सांगून मोकळं होऊ नका. आठही पिस्टन द्या आणि क्लिअरन्स पिस्टनच्या कार्डवरून लिहून द्या. फोर्ज्ड (घडीव) आणि हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनचे ओतीव) पिस्टन यांच्यात दुपटीचा फरक असतो. पावसाळ्यात ताजा बोअर एका रात्रीत गंजतो, म्हणून ब्लॉक तेल चोपडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच घरी आणा.

बोअरिंगनंतर आणि शेवटच्या धुलाईआधी सगळं एकदा कोरडं बसवा. स्ट्रोक वाढल्याने रॉडच्या बोल्टचं डोकं सिलिंडरच्या खालच्या कडेला, ऑइल चेंबर बसतो त्या पट्टीजवळ, घासतं. क्रँक हाताने हळू फिरवा, अडेल तिथे मार्करने खूण करा आणि डाय ग्राइंडरने ६० थाउ जागा मोकळी करा. दीड एमएमची ॲलन की फिरली की पुरे. जास्त खोल गेलात तर पाण्याचं जॅकेट फुटतं. कॅमच्या लोबलाही तोच रॉड बोल्ट भिडतो, तेव्हा तीच तपासणी टायमिंग चेन लावून, क्रँकच्या पूर्ण दोन फेऱ्यांत करा. मग गरम साबणाच्या पाण्याने, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत धुवा.

रिंगांच्या टोकांमधला गॅप साध्या पिस्टनला बोअरच्या इंचामागे ४ थाउ, म्हणजे इथे १६. काही हायपरयुटेक्टिक पिस्टनना वरच्या रिंगला २५ च्या आसपास लागतो. तो १६ ठेवला तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि पिस्टनचं वरचं कडं उडतं. बेअरिंगना क्लिअरन्स २ ते अडीच थाउ. हेडचे बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात; थ्रेड सीलर विसरलात तर तेलात कूलंट.

कार्ब्युरेटर ६०० ते ६५० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा घेणारा) पुरतो. ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, मिश्रण पातळ पडतं, म्हणून जेट थोडे मोठे, आणि जुने रबरी पाइप नि डायफ्राम सरसकट बदला. ड्रम ब्रेकचं काम याच बजेटमध्ये धरा.

फ्लॅट टॅपेट कॅम (रोलरविना, सपाट तळाच्या टॅपेटवर घासणारा) असेल तर पहिल्यांदा चालू करताना आयडलवर सोडायचं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप घड्याळाच्या दिशेने फिरवून प्रेशर आणा, कार्ब्युरेटरच्या फ्लोट बोलमध्ये पेट्रोल भरा, टायमिंग आधीच लावा. मग लगेच २,००० आरपीएमवर २० ते ३० मिनिटं. त्याखाली लोबवर तेल पुरेसं उडत नाही आणि कॅम गोल होतो. हे काम सोसायटीच्या तळघरात नको, शेजारी जन्मभर विसरत नाहीत. तेल सीआय-४ ग्रेडचं १५डब्ल्यू-४०, त्यात झिंक पुरेसं असतं. ते अर्ध्या तासानंतर काढून टाका, फिल्टर हॅकसॉने नाही तर पत्रा कापायच्या कात्रीने उघडा, कारण हॅकसॉचा भुगा आणि इंजिनचा भुगा वेगळा ओळखता येत नाही. फिल्टरच्या घड्यांत थोडी करडी पेस्ट चालते. नखाला टोचणारे कण दिसले तर गाडी रस्त्यावर न काढता ऑइल चेंबर खाली घ्या.