सारखा नापास होणारा नगराध्यक्ष

ॲरिझोनातील फिनिक्स शहरात मी एका सरकारी शाळेत इतिहास शिकवतो. वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते आणि ती मला आडनावाने हाक न मारता नुसते ‘मिस्टर’ म्हणतात. त्या दिवशी आठवीला मायकेल गोल्डवॉटर शिकवायचा होता. पोलंडमधून आलेला एक ज्यू शिंपी कष्टाने वर येतो आणि १८८५ मध्ये ॲरिझोनातील प्रेस्कॉट गावाचा नगराध्यक्ष होतो, असे माझे सरळ चढत जाणारे टाचण होते, आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच ते निकालात निघाले.

मी फळ्यावर सनावळी लिहीत होतो. रशियाच्या अमलाखालील कोनिन हे त्याचे जन्मगाव. मूळ आडनाव गोल्डवासर. तेथून तो पॅरिसला गेला, १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत लंडनला पोहोचला, शिंपीकामावर पोट भरले आणि १८५० मध्ये सारा नेथनशी लग्न केले. दोन वर्षांनी धाकटा भाऊ जोसेफ याच्यासह निकाराग्वामार्गे तो कॅलिफोर्नियात उतरला. सोनोरा या खाणवस्तीत त्याने कपडे शिवायच्याऐवजी दारूचा गुत्ता काढला, आणि सोने ओसरले तसे गिऱ्हाईकही ओसरले. पुढे लॉस एंजेलिस, आणि तेथे १८६२ मध्ये दिवाळे.

“मिस्टर, हा माणूस तर सारखा नापास होतोय,” मागच्या बाकावरून आवाज आला.

मी हसलो, पण तो खरेच बोलत होता. दिवाळ्यानंतर गोल्डवॉटर गाडीत माल भरून कोलोरॅडो नदीकाठच्या ला पाझ या सोन्याच्या वस्तीत फेरीवाल्यासारखा विकायला गेला. तेथे जरा बस्तान बसते तोच नदीने पात्र बदलले, धक्का कोरडा पडला आणि सारे दुकान काही मैल खाली एहरेनबर्गला हलवावे लागले. १८७२ मध्ये त्याने आमच्या फिनिक्समध्ये दुकान उघडले. गाव लहान, व्यापार तुटपुंजा, तीन वर्षांत तेही बंद. प्रेस्कॉटचे दुकान आले ते १८७६ मध्ये.

“मग पैसे आले कुठून?” पहिल्या रांगेतील एका मुलीने विचारले. ही बाजू माझ्या टाचणात एका ओळीत उरकलेली होती. पैसे आले ते प्रामुख्याने लष्करी ठाण्यांना धान्य पुरवण्याच्या ठेक्यांतून. रेल्वे अजून आली नव्हती. माल आगबोटीने नदीतून वर येई आणि पुढे खेचरांच्या गाड्यांवर वाळवंट ओलांडून जाई. ही ठाणी यावापाई आणि अपाची या मूळ रहिवासी जमातींच्या मुलखात होती आणि त्यांच्याशीच लढत होती. १८७२ मध्ये प्रेस्कॉटहून परतताना या भावांच्या गाडीवर हल्ला झाला आणि जोसेफला गोळ्या लागल्या, हे मी दरवर्षी रंगवून सांगतो. १८७५ च्या हिवाळ्यात यावापाईंना सुमारे १८० मैल पायी सॅन कार्लोसच्या राखीव प्रदेशात हाकलत नेले, हे मात्र त्याच धड्यात सांगायचे मला त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते. ते फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग गप्प झाला.

नगराध्यक्षपद तर त्याच्याआधी त्याच्या मुलाकडेच येऊन गेले होते. मॉरिस १८७९ मध्येच निवडून आला होता. पुढे १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिलेला बॅरी गोल्डवॉटर हा याच मायकेलचा नातू.

तास संपत आला तेव्हा त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. “सारा कुठे होती?”

सारा सॅन फ्रान्सिस्कोला मुलांना वाढवत होती. ॲरिझोनात ती कधीच राहायला आली नाही. आमच्या कोकणात गडी मुंबईला आणि बिऱ्हाड गावी, त्याच्या अगदी उलट: याचे बिऱ्हाड शहरात आणि हा रानात. मी सांगितले की नगराध्यक्षपदानंतर तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला आणि १९०३ मध्ये तेथेच वारला.

“म्हणजे तो इथे फक्त कामाला यायचा,” ती म्हणाली. “माझे बाबाही असेच जातात, तांब्याच्या खाणीवर.”

घंटा झाली. पुढच्या वर्गासाठी मी फळा पुसला नाही. सनावळीच्या वर, १८५० पासून, साराचे नाव तेवढे लिहिले.