राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?
आज दिवसभर कोल्हापुरात ज्याला त्याला एकच विचारणं, पंचगंगा किती फुटावर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे पोराटोरांना पण पाठ झालंय. संध्याकाळी चिखलीच्या मामांना फोन लावला तर म्हणाले, म्हशी कालच हलवल्या, २०१९ ला ५५ च्या वर गेलेलं पाणी बघितलंय आम्ही, आता नोटिशीची वाट कोण बघतंय! खरंय म्हणा, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, ते काय कुणाला विचारून उघडत नाहीत. पण इकडं पूररेषेत भराव टाकून बांधकामं चालूच, आणि पाणी चढलं की आपण खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला शिव्या घालायला मोकळे. असो. मामांना वैरण कमी पडतीय, कुणाकडं असेल तर इनबॉक्स करा.