कापसावरची काजळी कुणाची?

वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या एका गावातून डिसेंबरात तक्रार आली. वेचणीचा कापूस काळा पडतो, व्यापारी भाव पाडतो, नाल्याच्या पाण्यावर काळी साय धरते. गावाचा संशय औष्णिक केंद्राच्या चिमणीवर. लांबून तीच दिसते, म्हणून शिव्याही तिलाच.

मी हवेचे नमुने घेतो. अशा गावात आधी शाळेत शिरतो, कारण वर्गातल्या कपाटाच्या माथ्यावर वर्षानुवर्षं फडका फिरलेला नसतो. तिथली धूळ कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवलं. बरीच धूळ चुंबकामागं सरकत गेली. औष्णिक केंद्राच्या चिमणीतून उडणाऱ्या राखेतही थोडं चुंबकीय लोह असतं, पण एवढं नाही. शिवाय ती राख म्हणजे वितळून थिजलेले काचेचे कण, सूक्ष्मदर्शकाखाली साबुदाण्यासारखे गोल दिसतात. इथं गोल कण तुरळक. बाकी कोनदार लोहकण आणि अर्धवट जळका कोळसा. नाल्याच्या गाळातही तेच. हे स्पंज आयर्नच्या, म्हणजे लोहखनिज न वितळवता कोळशाबरोबर तापवून लोखंड काढणाऱ्या, भट्टीचं काम. तसा कारखाना गावाच्या ईशान्येला आहे आणि हिवाळ्यात वारा तिकडूनच येतो.

कारखान्याचे कागद मात्र स्वच्छ. धुराड्याची तपासणी दिवसाच झालेली.

जागलीवर जाणारे एक काका म्हणाले, "दिवसा काय पायता साहेब? रातच्याले एकच्या मांगं टोपन उघडतेत. डुकरं हाकलाले बसतो ना मी, समदं दिसते."

टोपण म्हणजे भट्टीच्या आणीबाणीच्या धुराड्याचं झाकण. ते उघडलं की धूर ईएसपीत, म्हणजे धूळ पकडणाऱ्या यंत्रणेत, न जाता थेट बाहेर पडतो. थंडीच्या रात्री तो वर चढत नाही, शिवारावरच बसतो.

शाळेच्या गच्चीवर सॅम्पलर लावला. फिल्टर दर आठ तासांनी बदलायचा. दुपारचा फिकट राखाडी निघाला, पहाटेचा काळाकुट्ट. पीएम१० ची, म्हणजे हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची, २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, पण चोवीस तासांची सरासरी काढली की रात्रीचं पाप दिवसाच्या आकड्यांत विरघळतं. म्हणून अहवालात तिन्ही फिल्टर वेगवेगळे दाखवले.

कारखान्याचं उत्तर आलं: त्या रात्री वीज गेली होती, म्हणून झाकण उघडावं लागलं. मी ईएसपीच्या वीजवापराची तासवार नोंद लेखी मागितली. वीज एकाच रात्री गेली की रोज एकच्या सुमारास जाते, ते त्यात दिसेलच. त्या पत्राची एक प्रत काकांनी ग्रामपंचायतीसाठी मागून घेतली.