आठ काढताना पाय का टेकतो?

दुचाकीच्या लायसन्सच्या टेस्टला इंग्रजी आठच्या (8) आकारात, पाय न टेकता गाडी फिरवायची असते. रोज कॉलेजला, कामाला गाडी नेणारी माणसंही आरटीओच्या त्या ट्रॅकवर पाय टेकतात. गाडी जोरात असली की तोल बराचसा तिचा तीच सांभाळते. ताशी पाच-सात किलोमीटरला मात्र तो आपल्याला सांभाळावा लागतो, आणि एवढ्या हळू चालवायची सवय कोणालाच नसते.

सरावासाठी रिकामं मैदान आणि आठ काढायला दोन विटा पुरतात. पहिल्या दिवशी विटा बारा पावलांवर ठेवा, जमलं की आठ पावलांवर आणा. गिअर पहिला. रेस किंचित आणि एकसारखी, वळणात कमीजास्त करायची नाही. क्लच अर्धा दाबलेला, म्हणजे गाडी ओढायला लागते त्या जागेच्या आसपास. उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका. इंजिन पुढे ओढतंय आणि मागचा ब्रेक थोडा धरून ठेवतोय, या ओढाताणीतच गाडी स्थिर राहते. गाडी आत पडतेय असं वाटलं तर क्लच थोडा सोडा, सरळ होते. घाबरून क्लच पूर्ण दाबला की ओढ संपते आणि पाय खाली येतो. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. अर्ध्या क्लचने क्लचप्लेटा जळतील ही भीती थोड्या सरावापुरती बाजूला ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे तो लगेच जळत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी गाडीला विश्रांती द्या म्हणजे झालं.

हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लावायचा नाही. वजन पुढे येतं, चाक तिरकं असतं आणि गाडी आतल्या बाजूला आडवी होते. बोटं त्या लिव्हरवर ठेवूच नका. यात एक गंमत आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना बहुतेक करून सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेली यंत्रणा, असतं. त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणून अशा गाडीवर पाय आणखी हलका हवा, आणि टेस्टला ज्या गाडीवर जाणार तिच्यावरच सराव हवा.

नजर पुढच्या चाकाकडे किंवा पांढऱ्या पट्टीकडे गेली की गाडीही तिकडेच जाते. एका विटेला वळसा घालत असतानाच मान वळवून दुसरीकडे पाहा. गाडी आत कलू द्या. अंग मात्र सरळ, किंचित बाहेरच.

कागदांचं थोडक्यात. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनीच पक्क्याची टेस्ट देता येते. गाडीचं आरसी, विमा, पीयूसी चालू तारखेचं हवं. पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा; पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर १० सेंटीमीटर उंच. स्कूटर नेली तर लायसन्स बिनगिअरचंच मिळतं, तेव्हा मोटरसायकल चालवायची असेल तर गिअरचीच गाडी न्या. हाताच्या खुणा पाठ ठेवा: डावीकडे वळण्याची खूणही उजव्याच हाताने, हात लांब करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते.

रस्त्यावर मात्र पुढच्या ब्रेकची भीती उलटी नडते. सरळ रस्त्यावर गाडी थांबवण्याचं बरंचसं काम तोच करतो, कारण ब्रेक लावताच वजन पुढच्या चाकावर येतं. त्याच वेळी मागचं चाक हलकं होतं, म्हणून नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला की ते घसरत जातं. दोन्ही एकदम लावा. पुढचा झटक्याने नव्हे, लिंबू पिळावं तसा वाढवत न्या. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात साधारण १६-१७ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर हात जाईपर्यंतच एसटीच्या एका बसपेक्षा जास्त अंतर गेलेलं असतं.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ वर येते, तेव्हा पहिला अर्धा तास थांबलेलं बरं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, रेल्वेचे रूळ यांवर ना ब्रेक, ना गाडी कलवणं. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, म्हणजे लायनर सुकतात.

ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे भेटतात. इंजिनाची पकड गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि खालच्या वळणांवर ब्रेक लागेनासा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्यातच उतरा. उजव्या वळणावर मधल्या पट्टीला चिकटून कललात तर चाकं आपल्या बाजूला आणि डोकं समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला असतं. तिथे हातभर डावीकडेच राहा, पण कडेच्या खडीवर उतरू नका.