कब स्काउटची प्रतिज्ञा आणि आमचे निरीश्वरवादी घर

मी आणि माझे पती दोघेही देवधर्म मानत नाही, आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावरही घरातले ते वातावरण तसेच राहिले. म्हणून आमच्या आठ वर्षांच्या मुलीने मैत्रिणीबरोबर कब स्काउटमध्ये, म्हणजे स्काउटच्या लहान मुलामुलींच्या गटात, जायचे आहे असे सांगितले, तेव्हा आम्ही सर्वप्रथम चौकशी केली ती प्रवेश करताना घ्यायच्या प्रतिज्ञेची, कारण पारंपरिक प्रतिज्ञेत ईश्वराप्रती कर्तव्याचा उल्लेख असतो. मैत्रिणीचे पथक चर्चच्या सभागृहात भरत होते आणि त्याला त्या चर्चचेच पाठबळ होते.

शाळेत मी स्वतः गाईड होते. भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या वचनात ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. मात्र ज्यांना दोन्ही नकोत, त्यांची सोय त्यात नाही. ब्रिटनच्या स्काउट संघटनेने १ जानेवारी २०१४ पासून ईश्वराचा उल्लेख नसलेला पर्याय दिला असून त्यात ‘स्काउट मूल्ये जपेन’ असे म्हणता येते. त्यापूर्वी उघडपणे निरीश्वरवादी असलेल्या प्रौढ व्यक्तीला पथकनायकही होता येत नसे, त्यामुळे हा बदल लहान नव्हता. तरीही माझ्या पतींची शंका कायम होती, कारण सचोटी, आदर, काळजी आणि सहकार्य यांच्याबरोबर श्रद्धा हेही संघटनेचे एक मूल्य आहे. आपापल्या श्रद्धा, विचार आणि दृष्टिकोन यांचा शोध घेणे, असे त्याचे स्पष्टीकरण मूल्यांच्या यादीतच दिलेले आहे, आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले.

नियम कागदावर कितीही उदार असले, तरी मुलाला अवघडल्यासारखे वाटेल की नाही हे पथकनायकाच्या वागण्यावर ठरते, असे मला ठामपणे वाटते. म्हणून प्रवेशाआधीच आम्ही त्यांना भेटून विचारले, की बैठकीत प्रार्थना असते का, नोव्हेंबरमधील युद्धात बळी पडलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी चर्चमधील उपासना सक्तीची असते का, आणि प्रतिज्ञेचा दुसरा पर्याय मुलांना आपणहून सांगितला जातो का. बैठकीच्या शेवटी छोटी प्रार्थना होते आणि तेव्हा नुसते शांत उभे राहिले तरी चालते, उपासनेला येणे ऐच्छिक आहे, असे त्यांनी सांगितले. पर्यायाविषयी मात्र पालकांनी विचारले तरच बोलणे होते, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मला ते पटले नाही, आणि दोन्ही मसुदे प्रत्येक नव्या मुलाच्या हाती द्यावेत अशी विनंती मी तिथेच केली.

घरी आम्ही दोन्ही मसुदे मुलीसमोर ठेवले आणि कोणता घ्यायचा हे तिच्यावर सोपवले. तिने वाचून विचारले, “आई, देव नको म्हटलं तर चालतं, मग राजा का ठेवलाय?” राजाप्रती कर्तव्य दोन्हींत आहे, आणि ब्रिटिश नागरिक नसलेल्या मुलांना त्याऐवजी राहत्या देशाचे नाव घेता येते, हे आम्ही तिला सांगितले. तिने ईश्वराचा उल्लेख नसलेला मसुदा निवडला. मैत्रिणीने पारंपरिक प्रतिज्ञा घेतली, आणि दोघींचा समावेश एकाच संध्याकाळी झाला.

स्मरणाच्या रविवारी ती पथकाबरोबर स्मारकापाशी दोन मिनिटे स्तब्ध उभी राहिली आणि उपासनेच्या वेळी वडिलांबरोबर बाहेर थांबली. आता पथकाला मदतनीस कमी पडत असल्यामुळे त्यांनी मला विचारले आहे. होकार देताना मी माझ्यासाठीही तोच मसुदा मागितला आहे.