आमची वाटचाल: स्लाउमधलं आमचं छोटं सॉलिसिटर ऑफिस

सॉलिसिटर (इंग्लंडमध्ये घराच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम बघणारा वकील) शोधताना लोक आधी फी विचारतात, मग ऑफिस कुठे आहे ते विचारतात, आणि दोन्ही प्रश्न रास्तच आहेत, पण आमचं ऑफिस सुरू झालं ते तिसऱ्या प्रश्नामुळे. माझी फाइल नक्की बघणार कोण?

मी पुण्यात लॉ केलं, लग्न झाल्यावर इंग्लंडला आले, मग परदेशी वकिलांसाठीची परीक्षा दिली (तेव्हा क्यूएलटीएस होती, २०२१ पासून एसक्यूई आलीये) आणि सॉलिसिटर झाले. पहिली नोकरी एका मोठ्या कंपनीत, जिथे घरांची खरेदी-विक्री घाऊक भावात चालायची. एक जण फाइल उघडणार, दुसरा सर्च (घराबद्दलची सरकारी नि इतर चौकशी) मागवणार, तिसरा समोरच्या सॉलिसिटरला प्रश्न पाठवणार आणि पैशाच्या दिवशी चौथाच कुणीतरी. क्लायंटने फोन केला की जो उचलेल तो स्क्रीनवर बघून सांगणार, "वाट बघतोय". कशाची वाट बघतोय ते त्यालाही माहीत नसायचं! काम चुकीचं व्हायचं असं नाही म्हणणार मी, स्वस्तही होतं, पण आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च करणाऱ्या माणसाला एक ठरलेला माणूस मिळू नये हे मला काही पटेना. तिथेच माझी आत्ताची पार्टनर भेटली, वेल्सची, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, जुने हस्तलिखित दस्त वर्तमानपत्रासारखे भरभर वाचणारी. तिलाही पटत नव्हतं. २०१६ ला दोघींनी मिळून लंडनजवळच्या स्लाउत एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिस थाटलं.

ऑफिस थाटणं म्हणजे पाटी लावणं नाही हे तेव्हा कळलं. एसआरएची (सॉलिसिटरांवर देखरेख करणारी संस्था) परवानगी, मग व्यावसायिक विमा. आमच्यासारख्या छोट्या कंपनीलाही कमीत कमी ३० लाख पाउंडाचं कव्हर घ्यावंच लागतं आणि घरांचं काम म्हटलं की विमावाले आधीच भुवया उंचावतात, कारण सॉलिसिटरांवर येणाऱ्या दाव्यांत ह्याच कामाचा वाटा मोठा. मग बँकांची पॅनेलं, म्हणजे त्यांच्या मान्य सॉलिसिटरांच्या याद्या. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते, की तुम्ही ज्या बँकेचं मॉर्गेज घेताय तिच्या पॅनेलवर तुमचा सॉलिसिटर नसेल तर बँक स्वतःसाठी वेगळा नेमू शकते आणि त्याचा खर्च नि उशीर तुमच्याच माथी. नव्या छोट्या ऑफिसला पॅनेलवर कोण घेणार? लॉ सोसायटीची (सॉलिसिटरांची संघटना) सीक्यूएस, म्हणजे घरांच्या कामाच्या दर्जाची मान्यता मिळवली तेव्हा एकेक दार किलकिलं व्हायला लागलं. ते पहिलं वर्ष आम्ही मुख्यतः रोखीच्या खरेद्या आणि विक्रीच्या फाइलींवर काढलं. भाडं निघत होतं, पगार कधी निघायचा कधी नाही.

कामं मिळवायचा सोपा रस्ता समोर होता, एस्टेट एजंट. एजंट गिऱ्हाईक पाठवतो, बदल्यात सॉलिसिटर त्याला रेफरल फी देतो. बेकायदेशीर नाही हं, फक्त क्लायंटला स्पष्ट सांगायला लागतं. पण ती फी शेवटी कुणाच्या खिशातून जाते हे सांगायला अर्थशास्त्र नको, आणि ज्या एजंटवर तुमचं पोट आहे त्याला "हे घर घेऊ नका असं मी क्लायंटला सांगणारे" हे सांगायला जरा जास्तच धैर्य लागतं. आम्ही ठरवलं द्यायची नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षं आमची वाढ गोगलगायीच्या गतीने झाली. लोक आले ते गणपतीत ओळख झालेले, कुणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नंबर मिळालेले, शेजारच्या पंजाबी काकूंनी पाठवलेले. एजंट सांगतो "आमच्याच सॉलिसिटरकडे जा म्हणजे लवकर होईल", तर ऐकून घ्या, कोट (खर्चाचा अंदाज) मागा, पण तशी सक्ती तो करू शकत नाही. कोट बघताना खालच्या ओळी आधी वाचा. वर फी भली कमी दिसते आणि खाली लीजहोल्डचे (म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या घराचे) वेगळे, आईवडिलांनी पैसे दिले तर त्याचे वेगळे, स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरायचे वेगळे, बँक ट्रान्सफरचे वेगळे, आणि वर २० टक्के व्हॅट. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटरांना घरांच्या कामाचे दर वेबसाइटवर टाकणं बंधनकारक आहे, तेव्हा आम्ही सगळे एकत्र धरून एकच आकडा टाकला. आमचा आकडा पहिल्या नजरेला महाग दिसतो. दिसू दे.

आता "लोकल" ह्या विषयावर माझं मत जरा वेगळं आहे. इथलं घर घ्यायला सॉलिसिटर इथलाच पाहिजे असं काही नाही, मालकीचं रजिस्टर सगळं ऑनलाइन आहे, सर्च ऑनलाइन येतात, सह्या पोस्टाने होतात. मग लोकलचा फायदा काय? तर सर्चचा रिपोर्ट आला की त्यात काय वाचायचं ते माहीत असतं. २०१४ च्या सुरुवातीला डॅचेट आणि रेझबरीत थेम्सचं पाणी घरात शिरलं होतं, त्यामुळे त्या बाजूचं घर आलं की आमची पार्टनर एक्सचेंजच्या, म्हणजे करार बांधील होण्याच्या, आधीच घराच्या विम्याचा कोट काढायला लावते, नुसता "पुराचा धोका: मध्यम" वाचून पुढे जात नाही. रेडिंगच्या काही भागांत जमिनीखाली खडूच्या जुन्या खाणी आहेत, २००० मध्ये तिथे एका रस्त्यावर जमीन खचली होती, तर त्या भागात जमिनीबद्दलचे प्रश्न वाढतात. ह्याउलट कोळशाच्या खाणींचा सर्च इथे काही कामाचा नाही, पण नॉटिंगहॅमकडे घर घेत असाल तर हवाच, आणि तिथलं काम करताना मीही तिथल्या माणसाला विचारते. म्हणजे लोकल हवा तो डोक्याने. शिवाय एखाद्याला समोर बसून पासपोर्ट दाखवून निवांत बोलायचं असतं, विशेषतः आईवडील सोबत असतील तर, आणि त्याला मी अजिबात हसत नाही.

आपल्या लोकांचे प्रश्न मात्र ठरलेले. पहिला, "टोकन किती द्यायचं?" तर इंग्लंड-वेल्समध्ये टोकन, बयाणा असलं काही नसतं. ऑफर मान्य झाली तरी कुणीच बांधील नाही, कारण जमीन-घराचा करार लेखी आणि सही केलेला असल्याशिवाय धरला जात नाही, १९८९ चा कायदा आहे तसा. त्यामुळे दोन महिने सर्व्हे, सर्च, सगळा खर्च झाल्यावर विकणारा दुसऱ्याची मोठी ऑफर घेऊन मोकळा, ह्याला इथे गॅझम्पिंग म्हणतात आणि ते कायदेशीर आहे. लोक ऐकून चिडतात, माझ्यावरच. एक्सचेंज झालं की मग खरं बांधलं जातं, तेव्हा साधारण १० टक्के डिपॉझिट जातं आणि त्यानंतर तुम्ही मागे फिरलात तर ते गमावून बसता. आपल्या साठेखत-खरेदीखताच्या जोडीसारखंच एक्सचेंज-कम्प्लीशन (कम्प्लीशन म्हणजे उरलेले पैसे देऊन ताबा घेणं) असं मी समजावते, अगदी तंतोतंत नाही पण डोक्यात बसतं.

दुसरा प्रश्न, "ओरिजनल दस्त कधी मिळणार?" मिळणार नाहीत. २००३ पासून लँड रजिस्ट्री मालकीचं सर्टिफिकेट देतच नाही, रजिस्टरमधली नोंद हीच मालकी. ७ पाउंड भरले की त्याची अधिकृत प्रत कुणीही काढू शकतं. एका काकांनी ती प्रत लॅमिनेट करून देवघराच्या कपाटात ठेवलीये, मी काही बोलले नाही.

आणि तिसरी गोष्ट प्रश्न नसते, ती आम्हालाच उकरून काढावी लागते. पुण्यातला फ्लॅट! फॉर्मवर "तुमची दुसरी प्रॉपर्टी आहे का" ह्याला आपली माणसं बिनधास्त "नाही" लिहितात कारण त्यांच्या मनात इथली प्रॉपर्टी असते. पण स्टॅम्प ड्यूटीसाठी जगात कुठलंही घर धरतात. आईवडिलांनी तुमचं नाव फ्लॅटवर घातलंय, आजोबांच्या घरात वारसाने हिस्सा आलाय, तर पहिल्यांदा घर घेणाऱ्याची सवलत जाऊ शकते, आणि तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पाउंड किंवा वर असेल तर दुसऱ्या घराचा ५ टक्के जादा कर बसू शकतो. नवरा-बायको ह्यासाठी एकच धरतात, म्हणजे फ्लॅट तिच्या नावावर आणि इथलं घर फक्त त्याच्या नावावर असली शक्कल चालत नाही. आकड्यात सांगते. एप्रिल २०२५ पासूनच्या दराने ४,५०,००० पाउंडाचं घर, पहिलंच असेल तर कर ७,५००. पहिलं नसेल तर १२,५००. आणि जादा कर लागला तर ३५,०००. हा फरक एक्सचेंजनंतर कळला तर माणूस रडेल नाहीतर काय. "नावापुरतंच आहे हो माझं नाव" असं प्रत्येक जण म्हणतो, असेलही, पण ते दाखवायला कागद लागतो आणि कागद गावाकडे असतो. वारसाहक्कात तीन वर्षांच्या आतल्या छोट्या हिश्श्याला सूटही आहे, म्हणून मी उतारा आणि तारखा मागते. हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारायचा नियम आम्ही सुरुवातीपासून ठेवलाय आणि मला वाटतं आमचं नाव जे काही झालं ते ह्या एका प्रश्नावर झालं.

पैसे कुठून आले हेही विचारावं लागतं, तिथे तर भांडणंच. वडिलांनी एफडी मोडली, जमीन विकली, आईने सोनं काढलं, आणि मी विचारते स्टेटमेंट दाखवा. "चोरीचा पैसा आहे का आमचा?" नाही हो काका, पण मनी लाँडरिंगचे नियम आहेत, प्रत्येक रकमेचा माग काढून फाइलला लावावा लागतो. शिवाय भारतातून एका आर्थिक वर्षात तिथे राहणाऱ्या एका माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंतच पाठवता येतात, म्हणून पैसे कधी नि कुणाच्या खात्यातून निघणार हे घर बघायला लागायच्या आधीच ठरवा असं मी सांगते. आधी म्हणजे आधी, ऑफर मान्य झाल्यावर नाही.

मग २०२० आलं. मार्चच्या शेवटी सरकार म्हणालं घरं बदलू नका, मे मध्ये म्हणालं बदला, आणि जुलैत स्टॅम्प ड्यूटीची हॉलिडे लावली, ५ लाख पाउंडापर्यंत शून्य. ३० जून २०२१ ही त्याची शेवटची मोठी तारीख होती. तो महिना आठवला की अजून खांदे दुखतात. आम्ही तोवर चौघी झालो होतो आणि त्या वसंतात आम्ही चक्क नवीन कामं घेणं बंद केलं. लोक म्हणाले वेड्या आहात, गिऱ्हाईक दारात उभं असताना पाटी उलटी करता. पण एका व्यक्तीकडे जितक्या फाइली नीट होतात तितक्याच होतात, त्याच्यापुढे फक्त ईमेल साठतात. आजही कुणी नव्या सॉलिसिटरकडे चाललं तर मी सांगते की फी विचारण्याआधी हे विचारा, आत्ता तुमच्या हातात किती फाइली आहेत आणि तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हा कोण. गडबडून "टीम आहे आमची" असं उत्तर आलं तर काय ते समजा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बऱ्याच लॉ फर्म्सना आयटी पुरवणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि कितीतरी लोकांची कम्प्लीशन्स अडकली. आमची सिस्टम वेगळी होती म्हणून वाचलो, पण आमच्या एका चेनमधलं (एकाची खरेदी दुसऱ्याच्या विक्रीवर अडलेली अशी साखळी) मधलंच एक ऑफिस बंद पडलं आणि तीन कुटुंबं ट्रकमध्ये सामान भरून बसली. तेव्हापासून महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत ठेवतो. ईमेलवर बँक खातं बदलल्याचं कळवून पैसे लुटणारे तर कायमच मागावर असतात, शुक्रवारी दुपारी जास्त, कारण सगळ्यांना कम्प्लीशन शुक्रवारी हवं असतं. आमचं खातं आम्ही पहिल्याच पत्रात कागदावर देतो आणि ते बदललं असं ईमेलने कधीही कळवत नाही. आणि जमलं तर मंगळवार-बुधवार घ्या, काही अडलं तर दुसऱ्या दिवशी बँक उघडी असते.

आता आम्ही सहा जणी आणि एक जण. पार्टनर आठवड्यातले तीनच दिवस येते, जुन्या दस्तांचं काम ती एका ट्रेनीला शिकवतेय. रेफरल फी अजूनही देत नाही, तरी दोन-तीन एजंट आपणहून पाठवतात, कारण फोन उचलला जातो. उंच इमारतींतले फ्लॅट, म्हणजे ११ मीटरच्या वरचे, आम्ही सरसकट घेत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आला, त्यातले दाखले नीट तपासायचे तर वेगळा वेळ लागतो, तेवढा वेळ असेल तरच हो म्हणतो, नाहीतर ते काम रोज करणाऱ्यांकडे पाठवतो. लीजहोल्ड घ्यायच्या आधी मात्र लीजची किती वर्षं उरली ते एजंटला पहिल्याच भेटीत विचाराच, ८० च्या जवळ असेल तर आमच्याशी बोलून मगच ऑफर टाका. स्कॉटलंडमधलं घर असेल तर तिथला कायदाच वेगळा, तिथलाच सॉलिसिटर बघा. बाकी कुणाकडेही गेलात तरी एसआरएच्या रजिस्टरवर नाव तपासा, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (फक्त घर-जमिनीच्या व्यवहारांचा परवानाधारक) असेल तर त्यांच्या देखरेख संस्थेच्या, सीएलसीच्या, दोघंही हे काम करू शकतात. आमच्याकडे येणार असाल तर पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि सहा महिन्यांची स्टेटमेंटं आणा, आणि पुण्यातल्या फ्लॅटचा कागद असेल तर तोही, फोटो चालेल.